पत्ते: मे महिन्याच्या सुट्टीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात मी मुलांना पत्ते शिकवते. दुपारी चार ते सहा, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, सतरंजी अंथरून. मुलं दहा मिनिटांत रमतात. शंका असतात त्या आईबाबांच्या, आणि दरवर्षी बहुतेक त्याच असतात. त्या शंकांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

मुलांना पत्ते शिकवणं बरं का? पुढे जुगाराची सवय लागणार नाही ना?

हा प्रश्न मला पटतो. ज्या घरात कुणी पत्त्यांपायी पैसे घालवले आहेत, त्या घरात तो उगाच येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वं सूक्त आहे. द्यूतात सगळं हरलेल्या, बायकोने आणि सासूने दूर केलेल्या माणसाचं ते दुःख आहे. तिथे फासे आहेत, पत्ते नाहीत. हातात काय आहे याने फरक पडत नाही, पणाला काय लागलंय याने पडतो.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आजीकडे बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात चिंचोके असायचे, चांगले शंभरेक. हार-जीत त्यांच्यावर चालायची. संध्याकाळी सगळे चिंचोके परत डब्यात, आणि कुणाचं कुणाला देणं नाही. कोपऱ्यातल्या खोलीतले एक काका एकदा म्हणाले, 'नुसत्या चिंचोक्यांना काय मजा, पाच-पाच पैसे लावू.' आजीने पत्ते गोळा केले आणि ती कुकर लावायला उठली. मी अजूनही तसंच करते. सतरंजीवर पैसा आला की त्या दिवशीचा डाव तिथेच संपतो.

कितव्या वर्षी सुरुवात करावी, आणि कोणत्या खेळाने?

एक ते दहा आकडे ओळखता आले की पुरे. पाच वर्षांच्या मुलाला बदाम सात छान जमतो. बदामाची सत्ती ज्याच्याकडे आली त्याने ती मांडायची. मग तिच्या एका बाजूला अठ्ठी, नव्वी, दश्शी करत राजापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी करत एक्क्यापर्यंत रांग वाढवायची. बाकीचे तीन रंगही आपापल्या सत्तीपासूनच सुरू होतात. मूल आकड्यांचा उलट-सुलट क्रम शिकतं, आणि आणखी एक गोष्ट शिकतं: हातात सत्ती असूनही ती अडवून ठेवता येते. हा शोध लागलेल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

भिकार-सावकार फार लहानांसाठी आहे. त्यात डोकं लागत नाही आणि तो संपता संपत नाही. गुलामचोर मुलांना आवडतो, पण शेवटी 'चोर' ठरलेलं मूल कधीकधी रडतं. ते कसं सांभाळायचं हे आधी ठरवून ठेवा. सात-आठ वर्षांपासून झब्बू, मग तिघांत खेळायचा पाच-तीन-दोन, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास मेंढीकोट.

मेंढीकोट नेमका कसा खेळतात? आमच्याकडे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येक घराचा मेंढीकोट थोडा वेगळा असतो, हे खरं आहे. सांगाडा मात्र एकच. चौघं जण, समोरासमोरचे दोघं भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. जो रंग उतरला त्याच रंगाचं पान टाकायचं. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान. चार पानांचा एक हात होतो, आणि असे तेरा हात.

या खेळात भाव आहे तो दश्श्यांना. दश्शी म्हणजेच मेंढी. चारांतल्या तीन मेंढ्या ज्या जोडीने नेल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एकाच जोडीकडे गेल्या की कोट. आणि तेराच्या तेरा हात एकाच जोडीने केले तर बावन्न पत्त्यांचा कोट, जो वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहतो.

हुकूम, म्हणजे त्या डावात वरचढ ठरणारा रंग, ठरवायच्या दोन रीती आहेत. बंद हुकुमात एक जण आपल्या हातातलं एक पान पालथं ठेवतो, आणि गरज पडेपर्यंत हुकूम कुठला ते इतरांना कळत नाही. कट हुकुमात उतरलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो, तो दुसऱ्या ज्या रंगाचं पान टाकेल तोच हुकूम. मुलांना मी कट हुकुमाने शिकवते. बंद हुकुमात पहिले चार-पाच हात अंधारात चाचपडावं लागतं, नवख्याला ते कंटाळवाणं होतं.

खरी गोडी भिडू ओळखण्यात आहे. समजा तुमच्याकडे चौकटची दश्शी आहे, पण राजा-राणी कुठे आहेत ते माहीत नाही. घाई करून टाकली तर मेंढी गेली. समोरच्या भिडूने चौकटचा एक्का उतरला, की त्या हातावर दश्शी निर्धास्त टाकायची. आजी एक्का उतरताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. बघितलं तर खूण केल्यासारखं होतं, म्हणून ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. मला दश्शी टाकायची अक्कल यायला दोन मे महिने लागले. तोपर्यंत तिने एकदाही मला सांगितलं नाही, बोल लावला नाही.

३०४ मध्ये गुलाम राजापेक्षा मोठा कसा?

तीनशे चार हा सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या ३२ पानांचा खेळ. गुलामाला ३० गुण, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३, राणीला २, अठ्ठी आणि सत्तीला काही नाही. एका रंगाची बेरीज ७६, चार रंगांची ३०४. नाव तिथून आलं. गुलाम आणि नव्वी वर चढवायची ही तऱ्हा एकट्या आपल्याकडची नाही. स्वित्झर्लंडच्या यास आणि हॉलंडच्या क्लावरयास या खेळांतही हुकमाचा गुलाम सगळ्यांवर, त्याच्या खालोखाल नव्वी. केरळमध्ये याच कुळातला २८ खेळतात.

मुलांना तोंडी बेरीज यावी असं वाटत असेल तर महिनाभर त्यांना ३०४ खेळू द्या.

इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हीच नावं का शिकवता? शाळेत मुलं इंग्रजी नावं वापरतात.

दोन्ही येऊ देत. पण मराठी नावं वापरात राहिली नाहीत तर आपोआप गळतील, आणि त्यांच्याबरोबर बराच शब्दसंग्रह जाईल. पत्त्यांचा अख्खा जोड म्हणजे कॅट. पत्ते पिसायचे, काटायचे, वाटायचे. पहिलं पान टाकणं म्हणजे उतारी. दुर्री, तिर्री ही हलकी पानं, आणि 'दुर्री-तिर्री' माणसांनाही म्हणतात, तेवढं मात्र म्हणू नये. 'हुकमी एक्का', 'पत्त्यांचा बंगला', आणि मुंबईच्या रस्त्यावरचं 'त्याचा पत्ता कट झाला' हे सगळं याच सतरंजीवरून उठून भाषेत गेलं.

मुंबईत एक गोंधळ हमखास होतो. हिंदीत 'हुकुम' म्हणजे इस्पिक. मराठीत 'हुकूम' म्हणजे त्या डावात वरचढ ठरलेला रंग, मग तो बदाम असो की किलवर. आमच्या हॉलमध्ये हिंदी आणि मराठी घरांतली मुलं एकत्र बसतात. 'हुकूम काय आहे?' या प्रश्नावर एक जण बदाम म्हणतो आणि दुसरा इस्पिक दाखवतो, दोघंही आपापल्या परीने बरोबर. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून घेते: आपण बसलो की हुकूम मराठीतला.

बावन्न पानांच्या आधी आपल्याकडे काय होतं?

गंजिफा. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मुलं डोळे मोठे करून ऐकतात ते हेच.

गंजिफाची पानं बहुधा गोल असतात. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा, १४४ पानांचा प्रकार होता, त्याचं वर्णन अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत केलं आहे. पुढे मुघल गंजिफा म्हणून जास्त चालला तो ९६ पानांचा: आठ रंग, प्रत्येकात बारा पानं. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश हे ते आठ रंग. म्हणजे तिथे गुलाम हा एक अख्खा रंग आहे.

मग हा खेळ आपल्या मातीत उतरला आणि दशावतारी गंजिफा तयार झाला. दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. राजाच्या पानावर खुद्द अवतार, त्याच्याखाली प्रधान, आणि एक ते दहा साधी पानं. त्या पानांवर अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली: मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. निम्म्या रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. उतारी दिवसा खेळत असाल तर रामाची, रात्री खेळत असाल तर कृष्णाची. तिघं खेळायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं. राणी कुठेच नाही. ती युरोपच्या पत्त्यांबरोबर आली.

महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीत टिकली. तिथले चितारी गंजिफा रंगवायचे. स्वातंत्र्यानंतर ती विझत आली होती, तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. कोकणात जाल तेव्हा तो राजवाडा बघाच. मी गेले तेव्हा एक ताई खिडकीच्या उजेडात मांडी घालून बसल्या होत्या. रुपया-दोन रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं पान डाव्या हाताच्या चिमटीत, उजव्या हातात मोजक्या केसांचा कुंचला. वराहाच्या सुळ्याला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, पान किंचित फिरवलं, पुन्हा बघितलं. एका ठिपक्यासाठी श्वास रोखून धरला होता त्यांनी. जुनी रीत विचारली, तर कळलं की थरावर थर चिकटवायला चिंचोक्याची खळ लागायची. वरून खडूचा लेप, दगडाने घोटाई, मग रंग आणि शेवटी लाखेचं रोगण. चिंचोका हा शब्द ऐकला आणि मला आजीचा डबा आठवला. ज्या बियांवर आम्ही हरत-जिंकत होतो, त्याच बियांनी कोकणातले पत्ते बांधले जात होते.

बंगालमधलं विष्णुपूर आणि ओडिशातलं रघुराजपूर इथेही असे गोल पत्ते अजून रंगवले जातात. ते बघितले की सावंतवाडीचा हात वेगळा ओळखू येतो.

आज गंजिफा खेळतं का कुणी?

फार थोडे. बहुतेक संच भेट म्हणून दिले जातात आणि काचेमागे राहतात. संच हाताने रंगवलेला असतो, त्यामुळे किंमतीवर कुरकुर करू नका. पण तो विकत घेतलात तर वर्षातून एकदा तरी खेळा. मुलांना दहा रंग झेपत नाहीत, तेव्हा आम्ही पुठ्ठ्यावर पाचच अवतार काढून खेळतो.

बावन्न पानं म्हणजे बावन्न आठवडे, हे खरं का?

जुळणी खरी आहे: एक ते तेरा आकड्यांची बेरीज ९१, चार रंगांची ३६४, आणि जोकर धरला तर ३६५. पण पत्ते पंचांग बघून बनवले गेले असं मानायला आधार नाही. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात, १३७० च्या दशकात पोचले, आणि तिथे निरनिराळ्या संख्येचे जोड चालत होते. जोकर तर १८६० च्या दशकात अमेरिकेत आला.

बदामाच्या राजाने स्वतःच्या डोक्यात तलवार का खुपसली आहे?

खुपसलेली नाही. जुन्या फ्रेंच ठशांत त्याच्या हातात कुऱ्हाड होती. लाकडी ठशांवरून नक्कल, नकलेवरून नक्कल होत गेली, कुऱ्हाडीचं पातं चौकटीबाहेर गेलं आणि उरलेल्या दांड्याची पुढे तलवार झाली. चारांत त्याला एकट्यालाच मिशी नाही, तीही बहुधा अशीच गळली. मुलांना चारही राजे शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा. चौकटचा राजा एका बाजूने दिसतो, म्हणून त्याचा एकच डोळा दिसतो. असे एकडोळे दोन गुलामही आहेत, बदामचा आणि इस्पिकचा.

इस्पिकचा एक्का इतका नक्षीदार असतो त्याला कारण कर. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता, आणि अठराव्या शतकात तो भरल्याची खूण म्हणून हा एक्का सरकार छापून द्यायचं. कर १९६० साली गेला, नक्षी राहिली.

लोकलमध्ये पत्ते खेळणं गुन्हा आहे का?

पैसे न लावता खेळणं हा जुगार नाही. पण गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून चौघांनी वाट अडवली, जागा धरून ठेवल्या, आरडाओरडा केला, तर रेल्वे कायद्यातलं उपद्रवाचं कलम १४५ लागू शकतं. माझे वडील परळच्या कारखान्यात होते, आणि सकाळच्या गाडीतला त्यांचा ग्रुप वीस वर्षं टिकला. डाव दादरला अर्धवट राहिला तर गुण सिगारेटच्या पाकिटावर लिहून दुसऱ्या दिवशी पुढे चालू. कुणी ज्येष्ठ नागरिक आत चढले की पत्ते बंद करून जागा द्यायची, हा त्यांचा नियम होता. तो पाळला तर सहप्रवाशांची तक्रार येत नाही.

मग रमीचं काय? आणि मोबाइलवरची रमी?

महाराष्ट्रात जुगारासाठी १८८७ चा कायदा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटलं की रमीत पानं कशी पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय सोडायचं हे कसब आहे. तीन पत्तीसारखा तो नशिबाचा खेळ नाही. मात्र जागा चालवणारा त्यातून नफा काढत असेल तर गोष्ट बदलते, हेही त्याच निकालात आहे.

मोबाइलची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. मला हा कायदा हवाच होता. आमच्या नात्यातल्या एका मुलाने अशाच एका ॲपवर आठ महिन्यांत बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवले. त्याच्यासमोर भिडू नव्हता, 'आता पुरे, जेवायला चल' म्हणणारं कुणी नव्हतं. रात्री दोन वाजता पांघरुणात एकटा. त्याला मी पत्ते खेळणं म्हणत नाही.

मटक्याचा आणि पत्त्यांचा संबंध काय?

मुंबईचा मटका, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायचा जुगार, आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर चालायचा. १९६० च्या दशकात आकडे इथेच काढायला लागले, आणि मटका चालवणाऱ्या रतन खत्रीच्या काळात ते पत्त्यांतून निघायचे. तीन पानं काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. गिरणगावातले कितीतरी पगार त्यात गेले. चाळीतल्या बायकांनी पत्त्यांचा राग धरला तो यामुळे.

बायका पत्ते खेळायच्या का?

भरपूर. दुपारी गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घातलं की राखणीला दोघी-चौघी लागायच्याच. एक डोळा कावळ्यांवर, एक हातातल्या पानांवर. गोकुळाष्टमीला आणि मंगळागौरीच्या जागरणालाही डाव पडायचे. त्या खेळांची गुणांची वही कुणी ठेवली नाही एवढंच.

गणपतीच्या मंडपात रात्री पत्ते चालतील का?

मूर्तीजवळ रात्रभर कुणीतरी जागं लागतं, आणि जागं राहायला पत्त्यांसारखं साधन नाही. पैसे नाहीत, तंबाखू नाही आणि मूर्तीकडे पाठ नाही, हे मंडळाने आधीच फळ्यावर लिहावं. आमच्या मंडळात तसं लिहिलेलं असतं.

ब्रिज शिकवता का?

नाही, तेवढी माझी तयारी नाही. पण मेंढीकोट पक्का झालेल्या मुलाला ब्रिज जड जात नाही. २०१८ च्या आशियाई खेळांत साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, हे मुलांना जरूर सांगते.

पत्ते किती वेळा पिसायचे?

दोन भाग करून कडा एकमेकींत फर्रकन सोडायच्या पद्धतीने सात वेळा. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली हे मांडलं. आपण हातात धरून वरवर पिसतो, त्यात पानं फार हळू मिसळतात, म्हणून मेंढीकोटच्या डावानंतर एका रंगाची पानं गठ्ठ्याने येतात. त्यावर उपाय म्हणजे पत्ते सतरंजीवर पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर कालवायचे, मग पिसायचे. लहान हातांनाही हे जमतं.

पावसाळ्यात पत्ते चिकटतात, काय करू?

कागदी कॅट मुंबईच्या जूनमध्ये फुगतोच. झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा, खेळण्याआधी चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि पुसून घ्या. प्लॅस्टिकचे धुता येतात, पण नवे असताना फार निसटतात.

एक पान हरवलं तर कॅट टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. जोकरवर पेनाने त्या पानाचं नाव लिहा. जोकरही नसेल तर पुठ्ठा कापा. आजीच्या कॅटमध्ये किलवरची पंजी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची होती, पाठीवर अर्धा गणपती आणि 'आमच्या येथे श्री' एवढीच अक्षरं. ती कुणाकडे आहे हे समोरच्यांना पाठीवरूनच कळायचं. म्हणून आमच्याकडे नियम होता: ज्याला पंजी येईल त्याने ती आधीच सगळ्यांना दाखवायची आणि मगच पानं लावायला घ्यायची.